पूर्वीची अवस्था

“तिकडं अजून थोडं गाजरगवत टाक,” डॉक्टर हळबे ओरडले. “आणि बाटल्या अशा ओळीनं नकोत रे. पडल्यासारख्या दिसू देत. दुर्लक्ष दिसलं पाहिजे, दुर्लक्ष!”

तातोबा मदनेनं हातगाडीतलं गवत दोन्ही हातांनी उचललं आणि मधल्या वाफ्यात पसरायला सुरुवात केली. पसरताना तो प्रत्येक निवडुंगाभोवती वीतभर जागा मोकळी सोडत होता. ते डॉक्टरांच्या लक्षात आलं.

“अरे, झाडांवर टाक की!”

“मोडत्याल की वो, डॉक्टर. ह्ये गोल हाय न्हवं, ह्येला मुका मार बसला तर आतनं कुजतंय. वरनं कळत बी न्हाई.”

“फोटोपुरतं रे!”

मग त्यानं गवताच्या चार काड्या त्या गोल निवडुंगाच्या डोक्यावर अलगद ठेवल्या आणि तो बाजूला झाला. डॉक्टरांनी कॅमेरा त्याच्याच हातात दिला. आम्हा बारा जणांना त्या कचऱ्याकडे चिंतेनं बघत उभं राहायचं होतं, त्यामुळे फोटो काढायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. आमचे सगळेच फोटो तातोबा काढायचा. हात स्थिर होता त्याचा.

झालं होतं असं की, तीन रविवार आम्ही इतक्या तडफेनं बाग साफ केली, की साफ करण्याआधी फोटो काढायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आणि चौथ्या रविवारी डॉक्टर जिल्ह्याच्या उद्यान स्पर्धेचा अर्ज घेऊन आले. त्यात दोन चौकटी होत्या. एकीवर छापलं होतं ‘पूर्वीची अवस्था’ आणि दुसरीवर ‘सध्याची अवस्था’. दुसऱ्या चौकटीची आम्हाला काळजी नव्हती. पहिल्या चौकटीसाठी उकिरड्यावर टाकलेला कचरा परत आणावा लागला, आणि हातगाडी तातोबाची असल्यामुळे तो त्यानं आणला.

या गोष्टीला आता सोळा-सतरा वर्षं झाली. तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. चौतीस वर्षं हायस्कूलात मराठी शिकवलं. अलंकार हा माझा हातखंडा विषय. दहावीच्या मुलांना अतिशयोक्ती अलंकार मी असा शिकवायचो की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा गणित सोडून ऐकायची. (हे वाक्य त्याच अलंकाराचं उदाहरण समजावं.) जूनमध्ये निवृत्त झालो आणि दिवाळीपर्यंत आमच्या सौभाग्यवतीच्या सहनशक्तीचा अंत झाला. “कुठंतरी जात जा हो रोज,” ती म्हणाली, “कुठंही.” तेवढ्यात दातांचे डॉक्टर हळबे यांनी ‘निवडुंग मित्र मंडळ’ काढलं. माझं अक्षर चांगलं आणि भाषा त्याहून चांगली, म्हणून मी चिटणीस झालो.

आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेची अर्धा एकर निवडुंगाची बाग होती. पाणी नाही तर पाणी न मागणारी झाडं लावू, असा विचार पूर्वी कुणा शहाण्या माणसानं केला असावा. पुढे फाटक मोडलं, तण माजलं, लोक बाटल्या आणि पिशव्या टाकायला लागले. तातोबा तिथं रोजंदारीवर माळी होता. म्हणजे कागदावर माळी. गावातल्या आणखी दोन बागा त्याच्याकडेच, आणि टँकरवर माणूस कमी पडला की तिकडंही तोच. तण काढायला त्याला सवड मिळायची नाही, हे खरंच. पण त्या तणाखाली चारशेच्या वर निवडुंग होते आणि एकूण एक जिवंत होते. ते कसे, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

पहिल्याच रविवारी आम्ही पाइप लावून बागेला पाणी घालायला निघालो. नोव्हेंबर संपत आला होता. तातोबा पाइपाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

“पानी नगा घालू, सर. थंडीत झोपत्यात ती.”

“झोपलेल्यांना जागं करायलाच तर आलोय आपण!” डॉक्टर म्हणाले. मंडळानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, वाक्य चांगलं होतं. मग दोन तास आम्ही पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना बघतो तर तातोबा वाफ्यात उकिडवा बसलेला. हातात खुरपं. मुळाभोवतालची ओली माती तो उकरून बाजूला घेत होता आणि तिथं पाटीतली कोरडी वाळू आणि राख भरत होता.

“काय चाललंय रे?”

“तुमचं पानी काढतोय,” तो म्हणाला.

त्याच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता. ताटात जास्त वाढलेलं एखाद्यानं बाजूला काढावं, तितकं साधं होतं ते. मला मात्र त्याची गंमत वाटली. पुढच्या बैठकीत मी ते नक्कल करून सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. पुढे दर रविवारी आम्ही पाणी घालायचो आणि दर सोमवारी तो ते काढायचा.

त्या पहिल्या सोमवारीच तो खुरपं खाली ठेवून उठला. “सर, एक काम हुतं तुमच्याकडं.”

“बोल.”

“कायमची यादी निघतीया. रोजंदारीवरल्या मानसांची. एकोणीस वर्सं झाली मला. औंदा नाव लागलं तर लागलं. फुडल्या साली वय बसत न्हाई माजं.” त्यानं हातावरची राख झटकली. “हापिसात म्हंत्यात, काम केल्याचा पुरावा द्या. गावातल्या मोठ्या मानसाचा कागद लागतोय. तुमी लिवला तर सायेब मानंल.”

मोठा माणूस म्हटल्यावर मी तिथल्या तिथे खिशातून पेन काढलं. पण कागद नव्हता, म्हणून घरी येऊन लिहिलं, तेही कच्चं करून मग पक्कं. ‘श्री. तातोबा गणू मदने हे गेली एकोणीस वर्षे निवडुंग उद्यानाची देखभाल अत्यंत निष्ठेने व एकट्याने करीत आहेत. हे मी समक्ष पाहिले आहे.’ संध्याकाळी त्याला वाचून दाखवलं. तो दुसरी शिकलेला. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, “ह्ये श्री म्हंजी म्याच व्हय?” मी हो म्हटलं. त्यानं कागदाची घडी न करता तो तसाच, दोन्ही हातांवर आडवा धरून नेला.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. दुसऱ्याचं भलं करायला किती थोडं लागतं, असंही बायकोला म्हणालो.

महिन्याभरानं स्पर्धेचा अहवाल लिहायला बसलो. ‘पूर्वीची अवस्था’ या मथळ्याखाली मी लिहिलं की बागेत तण माजले होते, कुंपण मोडले होते व कचरा साठला होता. डॉक्टरांनी वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“सर, हे आरोग्य खात्यानं लिहिल्यासारखं वाटतंय. परीक्षकाला वाचून रडू आलं पाहिजे. आधीचं जितकं वाईट, तितकं आपलं काम मोठं. आणि तुमच्यासारखी भाषा या जिल्ह्यात आहे कुणाची?”

झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि तिथूनच लिहिलं. ‘गेली वीस वर्षे या भूमीला माणसाचा हात लागला नव्हता. तहानलेल्या मुक्या जिवांचा आक्रोश ऐकायला येथे एकही कान नव्हता. आज जे दिसते आहे, ते सर्वस्वी श्रमदानातून उभे राहिले आहे.’ डॉक्टरांचे डोळे खरंच पाणावले. दातांच्या डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आणणं सोपं नसतं, तिथं रडणारे समोरच्या खुर्चीत असतात.

घरी बायकोला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती.

“आणि तो तातोबा?” ती म्हणाली.

“अगं, तो अलंकार आहे.”

“तातोबा?”

“वाक्य! ‘माणसाचा हात लागला नव्हता’ हे वाक्य. ते कुणी शब्दशः घेत नाही.”

“बरं,” असं म्हणून ती शेंगा फोडत राहिली. तिनं हायस्कूलात मराठी कधी शिकवलं नव्हतं, त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षक आले. त्या आठवड्यात नेमका बागेला बहर आला. गोल निवडुंगांच्या डोक्यावर पिवळ्या फुलांची कडी, भिंतीकडेच्या फड्यांवर केशरी फुलं. परीक्षक बाई तर वाकून वाकून बघत होत्या. डॉक्टरांनी त्यांना आमच्या पाण्याच्या पाळीचा तक्ता दाखवला. तातोबा त्या दिवशी टँकरवर होता. आठ दिवसांनी कळलं, आमचा जिल्ह्यात पहिला नंबर आला. एक मे रोजी जिल्ह्याच्या गावी कार्यक्रम, ढाल, मानपत्र. निमंत्रणपत्रिका छापून आली, तिच्यात शेवटून दुसऱ्या ओळीत होतं: ‘मनोगत – श्री. उपळेकर सर’. मी ती पत्रिका दिवसातून चार-पाच वेळा बघत असे. चौतीस वर्षं मी इतरांची नावं फळ्यावर लिहिली होती. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्याधिकाऱ्यांचा निरोप आला. डॉक्टर आणि मी दोघं गेलो. साहेब तरुण, नवीन बदलून आलेले. टेबलावर दोनच कागद होते. एक माझं प्रमाणपत्र आणि दुसरं आमच्या अहवालाचं पहिलं पान. दोन्ही माझ्याच वळणदार अक्षरात.

“बसा सर. तुमचं अक्षर फार सुंदर आहे,” साहेब म्हणाले. “दोन्हीवर तेच आहे, म्हणून बोलावलं. हा कागद म्हणतो, मदने एकोणीस वर्षं निष्ठेनं देखभाल करतोय. हा म्हणतो, वीस वर्षं माणसाचा हात लागला नव्हता. यातलं खरं कुठलं?”

मी हसलो. “साहेब, तो अतिशयोक्ती अलंकार आहे.”

“कुठल्या कागदात?”

माझं हसू तिथंच राहिलं. “अहवालात,” मी म्हणालो.

“मग प्रश्नच मिटला. अहवालातलं वर्णन अतिशयोक्त आहे, प्रत्यक्षात मदने हे देखभाल करीत होते, असं दोन ओळींत लिहून द्या. मी जिल्ह्याला कळवतो आणि त्याचं नाव यादीत घालतो. यादी उद्या जायची आहे.” त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. वर पेनही ठेवलं.

“जिल्ह्याला कळवायचं म्हणजे...” डॉक्टरांनी विचारलं, “बक्षिसाचं काय?”

“ते जिल्हा ठरवेल. फेरविचार करतील बहुतेक.”

“आणि दोन ओळी नाही दिल्या तर?”

“तर प्रमाणपत्राचं काय ते सांगा. अहवाल आमच्याच शिक्क्यानं पुढं गेलाय. एका हातानं लिहिलेले हे दोन कागद मी एकाच कार्यालयातून पाठवले, तर उद्या मला विचारतील, की हात लागला नव्हता तर एकोणीस वर्षं हजेरी कुणाची भरलीत?” साहेब चिडलेले नव्हते. त्यांनी अहवालाला जोडलेले फोटो पुढे घेतले. “एकतीस फोटो आहेत. एकातही मदने दिसत नाही. एकाही रविवारी आला नव्हता का तो?”

आता एवढंच म्हणायचं होतं, की फोटो त्यानंच काढलेत. जिभेवर आलं होतं. डॉक्टरांनी टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सर कविमनाचे आहेत, साहेब. कुणी काही मागितलं की नाही म्हणवत नाही त्यांना.”

मी मूग गिळून त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिलो. दोन ओळी. त्याहून मोठी वाक्यं मी सातवीच्या मुलांकडून लिहून घेतली होती. पण मला तो कागद दिसतच नव्हता. मला दिसत होती निमंत्रणपत्रिका. ती रद्द झाली तर गावात काय तोंड दाखवू, हळबे काय म्हणतील, मनोगत तर पाठ झालं आहे, असलंच सगळं डोक्यात. तातोबा आठवला नाही असं नाही. आठवला, आणि त्याचा मला रागच आला. इतक्या माणसांतून त्याला माझ्याकडेच कागद मागायला कुणी सांगितलं होतं?

“साहेब,” मी म्हणालो, “ते प्रमाणपत्र मी माणुसकीच्या नात्यानं दिलं होतं.”

साहेबांनी वर बघितलं. “म्हणजे वस्तुस्थिती म्हणून नाही?”

“माणुसकीच्या नात्यानं,” मी पुन्हा म्हणालो. शब्द मोठा चांगला होता. त्यात खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. चौतीस वर्षांच्या अनुभवाशिवाय असा शब्द ऐन वेळी सुचत नाही.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कोरा कागद परत ओढून घेतला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “ठीक आहे. या तुम्ही.”

जिना उतरताना डॉक्टर म्हणाले, “शब्द अगदी बरोबर सुचला, सर.” मी आभार मानले. खरंच मानले.

एक मेचा कार्यक्रम झोकात झाला. माझ्या मनोगताला तीनदा टाळ्या पडल्या. ढाल डॉक्टरांच्या दवाखान्यात लागली, दात उपटून घ्यायला बसलेल्या माणसाला समोर दिसेल अशी. पुढे नगरपालिकेनं ठराव केला, की उद्यानाची देखभाल श्रमदानातून होत असल्याने तेथे रोजंदारी कामगाराची आवश्यकता नाही. तातोबा कायमचा टँकरवर गेला. कायम झाला म्हणायचं तर एवढाच. रविवारी आम्ही पाणी घालतच होतो. सोमवारी ते काढणारं कुणी नव्हतं. गणपतीपर्यंत गोल निवडुंग एकेक करून मऊ पडले आणि आतल्या आत बसले. वरून शेवटपर्यंत हिरवेच दिसत होते. चारशेतले साठ-सत्तर उरले, तेव्हा मंडळाची बैठक झाली आणि झाडांवर कसला तरी रोग पडल्याचं इतिवृत्तात नोंदवलं गेलं. इतिवृत्त मीच लिहायचो.

हे सगळं मी आजवर अनेकांना सांगितलंय, हसवून सांगितलंय. अलंकाराचा किस्सा म्हणून तो चांगला रंगतो. एक प्रसंग मात्र मी त्यातून गाळत आलो. तो एप्रिलातला आहे. यादी गेली होती आणि ढाल यायची होती, त्या मधल्या दिवसांतला.

दुपारी चारचा सुमार. तातोबा दारात आला. मी बस म्हटलं तरी तो पायरीवरच बसला. बायकोनं पाणी दिलं, ते तो सावकाश प्यायला. मग टोपीच्या आतून एक पाकीट काढलं.

“हापिसातनं आलंय, सर. दोघा-तिघांना दावलं. पर हापिसातलं मराठी कुनाला उमगंना. म्हनलं, आपलं सर हायती की.”

मी पत्र उघडलं. तीन ओळींचं होतं. सही साहेबांची. मी आधी मनात वाचलं, आणि मग मोठ्यानं वाचायला लागलो.

“ ‘आपण सादर केलेले श्री. उपळेकर यांचे प्रमाणपत्र...’ ” यापुढे पत्रात ‘त्यांनी समक्ष सांगितल्यानुसार’ असे तीन शब्द होते. ते मी वाचले नाहीत. “ ‘...माणुसकीच्या नात्याने दिलेले असल्याने ग्राह्य धरता येत नाही. सबब आपले नाव यादीत समाविष्ट करता येत नाही.’ ”

तातोबा पायरीकडे बघत बसला.

“म्हंजी न्हाई झालं,” तो म्हणाला.

“नाही झालं.”

“एकोनीस वर्सं,” तो म्हणाला, मला नव्हे. आत बायको भांडी घासत होती, तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. मग त्यानं माझ्या हातातल्या पत्रावर बोट ठेवलं. बोट चुकीच्या ओळीवर होतं. “सर, ते मानुसकीचं काय लिवलंय? कुनाची मानुसकी?”

आता सांगावं, असं मला वाटलं. शपथेवर सांगतो, वाटलं. पण तो वर बघत होता आणि त्याच्या तोंडावर कसलाही संशय नव्हता.

“माझी,” मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. दोन-तीनदा डोलावली. “बगा,” तो म्हणाला, “माजं काम न्हाई झालं ते न्हाई झालं. पर तुमी माज्यासाटी काय केलंसा, ते सायबाला बी लिवावं लागलं.”

तो उठला, टोपी काढली आणि खाली वाकून त्यानं माझ्या दोन्ही पायांना हात लावला. पाय मागे घ्यायला पुष्कळ वेळ होता. अशा वेळी आशीर्वाद द्यायचा असतो, तो मी दिला.